चिमणीची म्होरकी

पंढरी हा बैलांतला माणूस. आदिलाबादकडच्या बेल्याजवळ एका गावात कुणाच्या बैलानं वेसण तोडली, कुणाचा गोऱ्हा जुवाला मान देईना, की लोक सरळ पंढरीच्या दाराशी यायचे. आणि हाही असा, की भरल्या ताटावरून उठून जायचा. बायको राहीबाई म्हणायची, "बैल शिंकला तरी यायले बोलावनं येते." म्हणू दे बापडी. अशा बोलण्यानं माणसाची छाती फुगतेच, कमी होत नाही.

पण मग संतोषनं ट्रॅक्टर आणला. संतोष हा पंढरीचा पोरगा, कामाला वाघ, त्याचंही काही चुकलं नाही. घरची जोडी म्हातारी झालीच होती. एक बैल थंडीत गेला, दुसऱ्यानं जोडीदाराविना वैरण सोडली आणि तोही मागोमाग गेला. नवी जोडी घ्यायचा विषय काढला की संतोष म्हणे, "बाबा, उभ्या बैलाले बारा महिने खायले लागते. ट्रॅक्टर उभा रायला त काई मांगत नाई." पण त्या वर्षी पोळ्याच्या तोरणाखाली तो दुसऱ्याच्या बैलांमागं उभा राहिला आणि घरी येऊन पुरणपोळीला हात न लावता झोपला. रिकाम्या गोठ्यात राहीबाईनं सरपणाची पऱ्हाटी रचली, तर तिच्यावर उगाच खेकसला. गोठ्यात जनावर पाहिजे, बस्स. त्याच्या मनानं तेवढं एकच धरलं होतं.

अशातच धोंडीबाच्या घोडीचा विषय निघाला.

धोंडीबा म्हणजे गावाच्या टोकाला राहणारा, पंच्याहत्तरी गाठलेला, काटक आणि तिरसट म्हातारा. चार गावांतले नवरदेव मिरवायचे ते त्याच्याच पांढऱ्या घोडीवर. घोडीचं नाव चिमणी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून चिमणी, आणि वाढली ती अशी, की नवरदेवाला चढवायला स्टूल लागायचं. नाव मात्र कुणी बदललं नाही. आता धोंडीबाचे गुडघे गेले होते. लेक रंजीता आदिलाबादला असते. तिनं निक्षून सांगितलं होतं, की गावातल्या रामाजीच्या पोरीचं लग्न झालं की मी गाडी घेऊन येते आणि तुमाले घेऊन जाते. तिकडं चिमणीसाठी नांदेडकडचा एक व्यापारी रोज फोन करायचा, "चाचा, कब आऊं?" धोंडीबा फोन कानाला लावायचा आणि तसाच बंद करायचा.

पंढरी त्याच्याकडं गेला आणि म्हणाला, "काका, चिमणी मले द्या."

"तुले?" धोंडीबानं त्याला खालून वर न्याहाळलं. "बैलवाल्याले?"

"जनावर ते जनावर. उभा जलम दावनीत गेला माह्या. आनि पैसे तुमी म्हनान तेवढे."

"पैशाचं कोन बोलून राह्यलं बे? मी हाताचं बोलून राह्यलो." म्हातारा खाटेवर सरळ झाला. "असं कर. रामाजीच्या पोरीच्या लग्नात चिमणीले तू घेऊन जाय. मारुतीपाशी लगाम उतरव, म्होरकी चढव. हातची सुटली नाई, त घोडी तुही. सुटली, त मी नांदेडवाल्याले फोन लावतो."

पंढरीला हसूच आलं. दोऱ्या बदलायच्या, एवढंच ना? पण इथं त्या गावची रीत सांगितली पाहिजे. नवरदेव मारुतीच्या पायऱ्यांशी उतरला की त्याची बहीण घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ चारते, मगच तो दर्शन घेऊन मंडपात जातो. आणि धोंडीबाचा कायदा असा, की तोंडात लोखंड असताना चिमणीला घास द्यायचा नाही. म्हणून भर गर्दीत तिचा लगाम, म्हणजे तोंडात लोखंडी कांडी अडकवलेला मिरवणुकीचा साज, उतरवायचा आणि घरची सुताची साधी म्होरकी चढवायची. ती मधली घटका मोठी वाईट. जुनं उतरलेलं असतं, नवं चढलेलं नसतं, आणि तेवढ्यात घोडी कुणाचीच नसते.

सरावासाठी धोंडीबानं चिमणीला लगाम-म्होरकीसकट पंढरीच्या अंगणात पाठवलं. "मी मांगून येतो," म्हणाला, "तोवर हात लावू नको." पण पंढरी कसला थांबतो! संध्याकाळी बैल सोडताना जे करतात तेच त्यानं केलं. जू उतरवायचं, पाठीवर थाप मारायची, की बैल आपला पाणी पितो आणि दावणीला जाऊन उभा राहतो. पंढरीनं लगाम कानांवरून ओढून काढला, चिमणीच्या पाठीवर थाप दिली, "जाय माय," म्हणाला आणि लगाम खुंटीला टांगायला वळला. म्होरकी खुंटीलाच होती. ती घेऊन परत वळतो, तर अंगण रिकामं!

आता झालं होतं असं, की रामाजीच्या दारात मंडव टाकणं चालू होतं आणि डीजेवाल्यानं आवाज तपासायला गाणं लावलं होतं. चिमणी जन्मभर लग्नातच वावरलेली. गाणं वाजलं की आपलं काम निघालं, एवढं तिला पक्कं ठाऊक. निघाली बाई तुरुतुरु. मागं पंढरी म्होरकी फडकावत, "हो, हो, हो!" करत. पंढरीच्या मागं राहीबाई, हातात पिठाची परात तशीच. चिमणी अर्ध्या मंडवासमोर जाऊन अशी ऐटीत उभी राहिली, की नवरदेव पाठीवर बसलेलाच आहे. रामाजीच्या बायकोनं, भागाबाईनं, दारी आलेली घोडी म्हणून तिला कुंकू लावलं. चिमणीनं ते लावून घेतलं आणि देवासाठी आणलेला झेंडूचा हार अर्धा खाऊन टाकला.

रामाजी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पंढरी, घोडी त आली. नवरदेव कुठं सांडला?"

सगळा मंडव हसला. वर चढलेले मंडववाले तर बांबूला धरून हसत होते. पंढरीनं जवळ जायला बघितलं की चिमणी चार पावलं पुढं. शेवटी धोंडीबा काठी टेकत आला. ना ओरडला, ना धावला. चिमणीच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभा राहिला, मानेवर हात ठेवला आणि आपल्या खांद्यावरची काढणी, म्हणजे हातात धरायची दोरी, हळूच तिच्या मानेवरून घेऊन हातात धरली. बस्स. चिमणी जागची हलली नाही.

"पायलं?" धोंडीबा म्हणाला. "बैलाले घर असते. घोडीले काय दिसन ते घर. आधी काढनी मानंत, मंग लगामाले हात. म्होरकी चढल्याशिवाय मानंतली काढनी सुटली नाई पायजे."

पंढरीचं तोंड एवढंसं झालं. आयुष्यात पहिल्यांदा एका जनावरानं भर गावात त्याची शोभा केली होती. घरी आल्यावर राहीबाई म्हणाली, "जाऊ द्या. नका लागू तिच्या नादी." तो गोठ्यात गेला आणि रचलेली पऱ्हाटी बाहेर काढू लागला. राहीबाईनं ते पाहिलं. मग पदर खोचला आणि तीही भारे उचलू लागली.

दुसऱ्या दिवशीपासून तो धोंडीबाच्या अंगणात हजर. म्हातारा खाटेवर बसून हुकूम सोडायचा. "तोंडासमोर उभा राहू नको, खांद्यापाशी राहाय. मानंवर हात ठेव, तिले कळू दे तू हायस म्हून. काढनी हाताले काऊन गुंडाळून राह्यला? बैल हाय का तो? घोडी उधळली त हात संगं घेऊन जाईन." ही गुंडाळायची खोड पंढरीच्या हाडात मुरलेली. धोंडीबानं चार वेळा सांगावं, आणि पाचव्यांदा पाहावं तर काढणीचे वेढे पुन्हा मनगटावर.

ते एक वेळ सुधारलं. पण लगाम! पंढरीनं घशाखालचा पट्टा सोडला, साज कानांवरून पुढं घेतला, आणि तोंडातली कांडी लवकर निघेना म्हणून दिला एक हिसका. लोखंड चिमणीच्या दातांवर खाडकन आपटलं. चिमणीनं मान जी वर झोकली, ती थेट पंढरीच्या हनुवटीवर. त्याची जीभ दातांखाली आली. काढणी मानेत होती म्हणून घोडी सुटली नाही, पण पंढरी मटकन खाली बसला.

धोंडीबा खाटेवरून ताडकन उठला. गुडघ्यांचंही त्याला भान राहिलं नाही. आधी चिमणीपाशी गेला, तिचे ओठ उघडून दात पाहिले, आणि मग पंढरीवर असा कडाडला, की कोंबड्या पळाल्या. "तुह्या तोंडातला चमचा कोनी असा ओढला त? सांग ना! तिचे दात दात नाईत का?"

पंढरीला सांगता येईना, जीभ सुजली होती. पण त्याला खरंच वाईट वाटलं. मुक्या जनावराला आपल्या हातून दुखलं, हे त्याच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. त्यानं चिमणीच्या मानेवर हात ठेवला. ती अंग चोरून दूर झाली, आणि ते त्याला हनुवटीपेक्षा जास्त लागलं.

"ऐक," धोंडीबा जरा निवल्यावर म्हणाला. "लोखंड आपन काढाचं नसते. ते घोडी सोताहून टाकते. तू साज कानाच्या पुढं घे, हात तिच्या तोंडाखाली धर आनि उभा राहाय."

"कितीक येळ?" पंढरी बोबडा बोलला.

"तिले पायजे तितका."

जीभ सुजलेला नवरा आणि समोर राहीबाई, म्हणजे घरी त्या दिवशी मैदान तिचंच. "यायले थांबता कुठं येते?" ती संतोषला म्हणाली. "आमच्या लग्नात भटजीचं सावधान म्हनून व्हायचंच होतं, त यायनं अंतरपाटाच्या वरून माळ फेकली. माह्या मामाच्या गळ्यात पडली!" संतोषनं हे पन्नासदा ऐकलं होतं, तरी हसता हसता त्याला ठसका लागला. पंढरीनं हातानंच दोघांना मारायची खूण केली.

पण तो शिकला. सोपं गेलं नाही त्याला. चिमणी सुरुवातीला लगाम पाहूनच मान वर करायची; चूक त्याची होती, म्हणून तिला राग धरायचा हक्क होता. तो आपला खांद्याशी उभा राहायचा, काढणी मानेत, एक हात तिच्या तोंडाखाली. उन्ह चढायचं, पायाला मुंग्या यायच्या, तो उभाच. चिमणी कांडी चावत बसायची, कान मागं-पुढं करायची, एक सुस्कारा टाकायची. मग केव्हातरी जबडा सैल करून लोखंड आपोआप त्याच्या तळहातावर सोडायची, ओलं, कोमट. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पंढरीला इतका आनंद झाला, की तो मोठ्यानं हसला आणि चिमणीनं दचकून त्याच्या पायावर पाय दिला. तरी तो हसतच होता.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरदेव वैभव पैनगंगेच्या पलीकडून आलेला, अंगानं चांगला भरलेला, आणि घोडीला भलताच भ्यालेला. स्टुलावर चढवून दोघांनी त्याला बसवलं. चिमणीच्या कपाळावर मोत्यांच्या झालरी, डोक्यावर तुरा. पंढरीचं नवं धोतर, डोईला फेटा, आणि खांद्यावर म्होरकी नि काढणी. दोऱ्या खांद्यावर आहेत ना, हे तो दर पावलाला चाचपून पाहत होता. धोंडीबा आधीच जाऊन मारुतीच्या ओट्यावर बसला होता. शेजारी लेक रंजीता. तिची गाडी वडाखाली उभी होती आणि गाडीत म्हाताऱ्याचं गाठोडं. ते गाठोडं दिसलं आणि पंढरीनं खांद्यावरच्या दोऱ्या पुन्हा चाचपल्या. आता काय ते आताच.

वरात पायऱ्यांशी आली. वैभव उतरला, म्हणजे घसरलाच. त्याची बहीण अश्विनी डाळ-गुळाचं ताट घेऊन पुढं आली. पोरांनी मोबाईल वर धरले. पंढरी चिमणीच्या डाव्या खांद्याशी गेला. मानेवर हात. मानेत काढणी. घशाखालचा पट्टा सोडला. साज एका कानावरून, मग दुसऱ्या कानावरून अलगद पुढं घेतला. कांडी अजून तोंडात. आणि नेमकं तेव्हा नवरदेवाच्या दोस्तांनी फटाक्यांची लड लावली.

तडतडतड! चिमणीची मान आभाळात गेली. बायका किंचाळत मागं पळाल्या. बैल असता तर पंढरीनं तोंड धरून खाली दाबलं असतं, आणि हात त्यासाठी शिवशिवलाही. पण त्यानं ओढलं नाही. हात तिच्या तोंडाबरोबर वर जाऊ दिला, काढणी हाताच्या पंजात सैल धरली आणि तिच्याबरोबर एक पाऊल मागं गेला. ती फिरली तसा तोही फिरला, खांद्याशी खांदा. "हो माय," तो हळू म्हणाला, "हो. मी हाव ना. हो."

लड संपली. धूर होता. चिमणी थरथरत होती, पण उभी होती, आणि कांडी तिनं दातांत घट्ट धरली होती.

"काढा ना लवकर, मुहूर्त चालला!" नवरदेवाकडचा कुणीतरी ओरडला. दुसरा म्हणाला, "ओढा की!" तिसरा मदतीला पुढंच आला. तेव्हा गर्दीतून राहीबाईचा आवाज निघाला, कुणालाही ऐकू जावा असा: "अंगाले हात नका लावू त्यायच्या! आज थांबून राह्यले, त थांबू द्या!"

पंढरी थांबला. डीजेवाल्यानं कुणी न सांगता आवाज कमी केला. भटजी खाकरले. वैभव बाशिंग सावरत एकदा घोडीकडं, एकदा घड्याळाकडं पाहत राहिला. पंढरीच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, त्यानं तोही पुसला नाही. चिमणीनं एक कान मागं केला. मग दुसरा. जबडा हलवला, एकदा, दोनदा, मोठा सुस्कारा टाकला आणि लोखंड त्याच्या हातावर सोडून दिलं.

त्यानं म्होरकी आधी नाकावरून, मग एकेका कानावरून चढवली, गाठ मारली, आणि सगळ्यांत शेवटी मानेतली काढणी सोडून म्होरकीला अडकवली. अश्विनीनं ताट पुढं केलं. चिमणीनं डाळ खाल्ली, गूळ खाल्ला, ताट चाटलं आणि वैभवच्या शेल्याचं टोकही तोंडात धरलं. लोक हसले आणि डीजे पुन्हा सुरू झाला.

पंढरीनं ओट्याकडं पाहिलं. वाटलं, म्हातारा शाबास म्हणेल. धोंडीबानं फक्त बोट दाखवून हात दाखव अशी खूण केली. पंढरीनं मूठ उघडून दाखवली. मनगट मोकळं होतं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि दुसरीकडं पाहू लागला.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. चिमणीला पंढरीच्या गोठ्यापर्यंत मीच नेणार, असं धोंडीबा म्हणाला. काठी रंजीताकडं दिली आणि चिमणीच्या मानेचा आधार घेत घेत आला. गोठा राहीबाईनं शेणानं सारवून ठेवला होता. दारात आल्यावर धोंडीबानं काढणीचं टोक पुढं केलं. पंढरीनं ते धरलं. पण म्हाताऱ्याच्या मुठीतला भाग काही सुटेना.

"हरभरा भिजवूनच देजो," धोंडीबा म्हणाला.

"हो काका."

"पानी आधी. मंग हरभरा."

"हो."

"थंडीत तिच्या डाव्या पायाले..." म्हाताऱ्याची मूठ तशीच आवळलेली. बोटांची पेरं पांढरी झाली होती.

रस्त्यावरून रंजीताच्या नवऱ्यानं हॉर्न दिला. "बाबा, चला ना," रंजीता म्हणाली. संतोष बापाच्या कानाशी लागला, "घ्या ना बाबा त्यायच्या हातून." राहीबाईनं पोराच्या दंडाला एक चिमटा काढला.

पंढरीनं काढणी सैल सोडली. म्हाताऱ्याच्या खांद्याशी गेला, उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला, डावा त्याच्या मुठीखाली धरला आणि उभा राहिला. हॉर्न पुन्हा वाजला. चिमणी गव्हाणीतल्या कडब्याकडं पाहत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग धोंडीबानं एक लांब सुस्कारा टाकला, आणि एकेक बोट सैल होत काढणी पंढरीच्या तळहातावर आली. म्हाताऱ्याच्या घामानं ती ओली आणि कोमट होती.

धोंडीबा मागं न पाहता गाडीत जाऊन बसला. गाडी निघाली. पंढरीला समोरचं नीट दिसेना, डोळे भरून आले होते, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. वळणावर गाडी अचानक थांबली. काच खाली झाली, म्हाताऱ्याचं मुंडासं बाहेर आलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला:

"हाताले गुंडाळू नको बे!"

पंढरीनं खाली पाहिलं. काढणीचे दोन वेढे मनगटावर पक्के बसले होते. त्यानं रडता रडता हसत ते घाईघाईनं सोडवले आणि मोकळा हात उंच करून गाडीच्या दिशेनं दाखवला.